कर्णभूषणांचा इतिहास : नाणेघाट ते भिकबाळी

जुन्नरच्या पश्चिमेस असलेल्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या व्यक्तिमूर्ती होत्या. राजा सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका व राजकुमार यांची नावे ब्राह्मी लिपीत भिंतीवर कोरलेली आहेत. महाराष्ट्रातील नामांकित व्यक्तिशिल्पांचे हे अतिप्राचीन उदाहरण होय. परंतु मूर्ती भंगल्या. उरल्या त्या पावलांच्या खुणा. नागनिकेच्या कानी कोणते लेणे होते, हे सांगणारा दगडच नाहीसा झाला.

तिच्या वेषभूषेची कल्पना करण्यासाठी कार्ल्याकडे वळावे लागते. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्री-पुरुष युगुलांच्या कानांत जड कर्णभूषणे आहेत. मात्र ती काही काळानंतरची शिल्पे असून राणीची नव्हेत. यावरून घडविलेल्या दागिन्यास ‘सातवाहनकालीन धर्तीचा’ म्हणता येईल, ‘नागनिकेचा’ म्हणता येणार नाही.

जैन शिल्पांतही कान बोलका असतो. यक्षी अंबिकेच्या मूर्तीत कुंडले कोरण्याची प्रथा आहे. जुन्नरजवळील मानमोडी डोंगरातील एक लेणीसमूह तिच्याच नावाने ओळखला जातो. याउलट तीर्थंकरांच्या पाषाणमूर्तीत कानपाळ्या लांब, पण अलंकाररहित असतात. राजवैभवाचा त्याग त्या रिकाम्या कानांतून सूचित होतो.

पेशवाईकडे येताच पुरावा स्पष्ट होतो. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये पुण्यास आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. तत्कालीन चित्रांवरून दरबारी पुरुषही कानांत ठसठशीत मोती मिरवीत, हे कळते. चौकडा हे कानपाळीतले जोडीचे लेणे. भिकबाळी मात्र एकच, बहुधा उजव्या कानाच्या वरच्या भागी घालावयाची.

2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटानंतर भिकबाळी पुन्हा तरुणांच्या कानी दिसू लागली. कान न टोचता चिमट्याने अडकविण्याच्या प्रतिकृतीही निघाल्या. प्रतिकृती करण्यात गैर काही नाही. सोने खरे की खोटे हे सराफ कसावर घासून सांगतो. प्रतिकृतीचा कस मात्र ती कोणत्या मूर्तीवरून वा चित्रावरून घडविली, यात असतो. मूळ शिल्पच झिजून गेले, तर तो कस लावणार कशावर? म्हणूनच आपल्या परिसरातील उरलेल्या मूर्तींचे वेळीच छायाचित्रण व जतन होणे अगत्याचे आहे.