'गुड टाइम्स'ची बास-धून आणि संगीतकर्तृत्वाचा प्रश्न

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा गायक आणि गीतकारांच्या नावाने लिहिला गेला आहे. साथीच्या वाद्यांना, त्यातही खर्जातील वाद्यांना, त्यात दुय्यम स्थान मिळाले. १९५१ मध्ये लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बास' ही विद्युत गिटार अमेरिकेत आली आणि नृत्यसंगीतातील खर्ज स्पष्ट ऐकू येऊ लागला. वादक मात्र अनामिकच राहिला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतील जेम्स जेमर्सन हे याचे ठळक उदाहरण होय. १९६० च्या दशकातील या कंपनीच्या अनेक गाजलेल्या गीतांत त्यांचे वादन आहे. परंतु मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) या संग्रहापूर्वी तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्कच्या 'शीक' या वाद्यवृंदाच्या 'गुड टाइम्स' (१९७९) या गीतातील बासची धून लक्षणीय ठरते. ती बर्नार्ड एडवर्ड्स यांनी वाजविली. गिटारवर नाइल रॉजर्स, ड्रमवर टोनी थॉम्प्सन होते. संपूर्ण गीत ई मायनर आणि ए या दोनच स्वरसंघांवर उभे आहे. आरंभी एकाच स्वरावर तीन ठाम आघात, मग क्षणभर विराम, आणि त्यानंतर लयीला आडवी जात वर सरकणारी स्वरांची लड, असा तिचा घाट आहे. तिचे आकर्षण बव्हंशी त्या विरामात आहे. नर्तकाचे पाऊल तेथेच पडते. गीताच्या मध्यभागी इतर वाद्ये थांबतात व केवळ बास आणि ड्रम उरतात. एकल तबलावादनातील लेहऱ्याप्रमाणे ही धून तेव्हा स्वतः न बदलता वर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला आधार देते. लेहरा वाजविणाऱ्याचे नाव तरी किती श्रोत्यांना ठाऊक असते?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडविण्यात आल्या. तरीही ऑगस्टमध्ये 'गुड टाइम्स' बिलबोर्डच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. सप्टेंबरमध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन यांच्या शुगर हिल कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' प्रसिद्ध केले. त्यासाठी तीच धून स्टुडिओत नव्याने वाजवून घेण्यात आली होती. हा तपशील महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार पुनर्वादनाने ध्वनिमुद्रणावरील हक्काचा भंग होत नाही. भंग झालाच तर तो रचनेवरील हक्काचा. म्हणजे साथीची धून ही 'रचना' ठरते काय, हा खरा प्रश्न होता. त्यावर न्यायालयाचा निर्णय झालाच नाही. कायदेशीर कारवाईचा इशारा मिळताच तडजोड झाली आणि रॉजर्स व एडवर्ड्स यांची नावे रचनाकार म्हणून नोंदली गेली.

हा साथीदाराचा विजय होता, असे मात्र म्हणता येत नाही. एडवर्ड्स यांचा दावा टिकला, कारण मूळ गीताचे सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव आधीच नोंदलेले होते. मोबदला घेऊन स्टुडिओत वाजविणाऱ्या जेमर्सन यांच्यापाशी असा आधार नव्हता. 'रॅपर्स डिलाइट'मधील काही पद्यपंक्ती ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझ यांच्या होत्या. त्यांना श्रेय मिळाले नाही. १९८० मध्ये क्वीनच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये जॉन डीकन यांनी तशाच तीन आघातांनी आरंभ केला, तेव्हा एडवर्ड्स यांनी दावा केला नाही. काही समीक्षकांनी उलट शीकवरच अनुकरणाचा ठपका ठेवला, याची खंत मात्र त्यांनी व्यक्त केली होती.

एप्रिल १९९६ मध्ये टोकियोच्या बुदोकानमधील कार्यक्रमानंतर न्यूमोनियाने एडवर्ड्स यांचे निधन झाले. त्यांचे वय ४३ होते. जेमर्सन १९८३ मध्येच निवर्तले होते. २००० मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला, तो 'साथीदार' या वर्गात.