साच्यात न बसलेला रणगाडा

घरातली एखादी प्लास्टिकची बादली उलटी करून बघा. बुडाच्या मधोमध एक लहानसा खरखरीत ठिपका दिसेल. वितळलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं ती ही जागा. भोसरी किंवा चिंचवडच्या मोल्डिंग शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, ते लगेच सांगतील: हा गेट.

आता त्याच माणसापुढे लढाऊ विमानाच्या स्केल मॉडेलचा डबा उघडून ठेवा. त्याने आयुष्यात असलं मॉडेल जोडलेलं नसेल, पण डबा तो माझ्यापेक्षा चांगला वाचेल. पंख आणि चाकं ज्या काडीला चिकटलेली असतात तो रनर. पंखाच्या आतल्या बाजूला गोल खुणा आहेत त्या इजेक्टर पिनच्या. जाड भागावर खड्डा पडलाय तो सिंक मार्क. आणि कडेला प्लास्टिकची पातळ झालर आली असेल तर साचा बराच वापरून झिजलेला आहे. मॉडेल करणारे लोक पुट्टी भरून आणि पॉलिश पेपर घासून नेमक्या याच खुणा घालवत बसतात.

माझी पीएचडी या डब्यांवर आहे. विषय सांगितला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खेळण्यातले रणगाडे? त्यावर पीएचडी?" या लेखात त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. कोणता रणगाडा लहान होऊन डब्यात येतो आणि कोणता येत नाही, हे कोण ठरवतं, हा माझा प्रश्न आहे. आणि त्याचं एक टोक आपल्या पुणे-नगर पट्ट्यात आहे.

आधी मापांबद्दल.

विमानांच्या मॉडेलचं सर्वात रुळलेलं प्रमाण १:७२. याचं मूळ इंग्रजी मोजमापात आहे: १ इंच म्हणजे ६ फूट. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच या मापात निघाले. १९३६ मध्ये 'फ्रॉग पेंग्विन'ने त्याच मापात प्लास्टिकचे संच आणले. मग युद्ध आलं आणि या मापाला सरकारी काम मिळालं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांमधल्या मुलांकडून १:७२ मापाची लाखो लाकडी विमानं करून घ्यायचं ठरवलं. सैनिकांना आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे आकारावरून ओळखता यावं यासाठी. हिशेब सोपा आहे: १० मीटरवर धरलेलं मॉडेल डोळ्याला ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं.

युद्धानंतर इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रं वाढली. लंडनची एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये सुरू केली होती. ती हवा भरायची रबरी खेळणी बनवायची, नंतर कंगवे. १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल केलं, तेही ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी. १९५३ मध्ये तिचं पहिलं विमान आलं, स्पिटफायर. म्हणजे ज्या तंत्राने कंगवा निघत होता, त्याच तंत्राने आता राष्ट्राचा अभिमान डब्यात भरून विकायला निघाला.

रणगाड्यांचं १:३५ हे माप याहून गमतीचं आहे. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही मुळात लाकडाच्या वखारीतून उभी राहिलेली कंपनी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. शुनसाकू तामिया यांनी पुढे स्वतःच सांगितलंय की पँथरचा आकार आत दोन बॅटऱ्या बसतील एवढा ठेवला होता. नंतर मोजलं तर तो खऱ्याच्या साधारण १:३५ निघाला. मग बाकीचे रणगाडेही त्याच मापात आले, इतर कंपन्यांनी तेच उचललं आणि आज जगभर हेच चालतं. पुस्तकात 'प्रमाणित' हा शब्द दिसला की मी आता आधी बॅटरी शोधतो!

माप ठरलं. पण मॉडेल कशाचं करायचं? इथे पैशाचं गणित येतं. पोलादी साचा महाग. एकेक पान्याची, साखळीच्या एकेक कडीची जागा त्यात उलटी कोरावी लागते. हजारो डबे विकले गेले तरच तो खर्च भरून निघतो. म्हणून गिऱ्हाईक जिथे जास्त, तिथल्या आठवणी साच्यात आधी जातात. दुसरी अट म्हणजे मोजायला खरी वस्तू मिळाली पाहिजे. तामिया यांनी अमेरिकेत ॲबरडीनच्या लष्करी संग्रहालयात जाऊन रणगाड्यांचे फोटो काढले होते. जो रणगाडा संग्रहालयात उघडा उभा आहे, त्याचं मॉडेल होण्याची शक्यता वाढते.

आपल्या बाबतीत काय झालं, याचं सोपं उदाहरण नॅट विमानाचं. १९६५ च्या युद्धात सेबर जेट पाडणारं आणि १९७१ मध्ये निर्मलजितसिंग सेखों यांनी श्रीनगरवर उडवलेलं नॅट एक आसनी होतं. बंगळूरला एचएएलमध्ये त्याचं उत्पादन झालं. पण ब्रिटिश हवाई दलाने हे एक आसनी विमान सेवेत घेतलंच नाही. त्यांनी दोन आसनी प्रशिक्षण विमान घेतलं आणि 'रेड ॲरोज' पथकाने ते लाल रंगात प्रसिद्ध केलं. साहजिकच एअरफिक्सच्या डब्यात आलं ते दोन आसनी नॅट.

नाव एकच, पण विमानं वेगळी. एक आसनीच्या पंखांचा विस्तार ६.७३ मीटर, दोन आसनीचा सुमारे ७.३ मीटर. १:७२ मध्ये हा फरक जेमतेम ८ मिलिमीटर होतो. लांबीत १३ मिलिमीटर. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडतं? ज्याला भारतीय नॅट करायचं आहे त्याला पंख कापावे लागतात, मागची खुर्ची बुजवावी लागते, नाकाचा आकार बदलावा लागतो. एकाच डब्यातून ब्रिटिश मुलाला त्याचं विमान जोडून मिळतं, आपल्या मुलाला आधी करवत घ्यावी लागते. एक आसनी नॅट आणि त्याचा भारतीय वारस अजीत यांचे संच चेक प्रजासत्ताकातल्या 'स्पेशल हॉबी'ने काढले, पण ते पुष्कळ नंतर.

आता आपल्या पट्ट्यात येऊ.

अरुण खेतरपाल यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये ते पूना हॉर्समध्ये अधिकारी झाले. या रेजिमेंटची मुळं १८१७ च्या पुण्यापर्यंत जातात. १६ डिसेंबर १९७१ ला, शकरगढ भागात बसंतरच्या लढाईत, पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी लढताना ते मारले गेले. वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराचं. दुरुस्त करून जतन केलेला तो रणगाडा आज नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये आहे. चाकणहून रस्त्याने तीन तासांच्या आसपास.

समजा तुम्हाला फामागुस्ता १:३५ मध्ये करायचा आहे. सेंच्युरियनचे संच बाजारात आहेत, तामियाचा तर १९७० च्या दशकापासून आहे. पण सेंच्युरियन हे एका रणगाड्याचं नाव नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. १९४५ पासून त्याचे डझनभर प्रकार निघाले. तोफ बदलली, चिलखत बदललं, इंधनाच्या टाक्या बदलल्या. डब्यातला प्रकार आणि पूना हॉर्सचा प्रकार एकच असेलच असं नाही. मग प्रश्नांची रांग लागते. तोफेच्या नळीवर धूर काढणारा फुगीर भाग होता का? बाजूचे पत्रे लढाईच्या दिवशी लावलेले होते की काढलेले? मागच्या पेटीवर काय बांधलं होतं? नाव कुठे लिहिलं होतं, कोणत्या रंगात?

पहिल्यांदा हे करताना कुणालाही वाटतं की नगरला जाऊन बघितलं की उत्तर मिळेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण जतन केलेला रणगाडा म्हणजे १९७१ चा रणगाडा नव्हे. फामागुस्ताने त्या दिवशी तोफगोळे खाल्ले होते. पुढे त्याची दुरुस्ती झाली, रंगरंगोटी झाली. आपण जो रंग बघतो तो शेवटच्या देखभालीचा असतो. शेजारी नगरच्याच कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, १९९४ पासून, जगभरातले रणगाडे उभे आहेत, तिथेही हाच नियम. पोलाद खरं, रंग नंतरचा. त्यामुळे मॉडेल करणारा एक चांगली सवय शिकतो: या भागाला पुरावा कोणता आणि तो कोणत्या सालचा, हे प्रत्येक वेळी विचारायची. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवतात ते हेच.

आता नकाशा बघा. खडकीत चिलखती गाड्यांचा मध्यवर्ती डेपो. नदी ओलांडली की दापोडीला लष्करी अभियांत्रिकीचं कॉलेज. त्याला लागून भोसरी, चिंचवड, आकुर्डी, म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने उभा केलेला पट्टा आणि त्यातल्या शेकडो टूल रूम. एका बाजूला रणगाड्यांचे सुटे भाग हाताळणारी माणसं, दुसऱ्या बाजूला व्हर्नियर हातात घेऊन मायक्रॉनमध्ये बोलणारे डायमेकर. कधी कधी एकाच घरात सासरा डेपोत आणि जावई टूल रूममध्ये. रणगाड्याचं मॉडेल करायला लागणारं सगळं ज्ञान काही किलोमीटरच्या आत होतं.

तरीही इथून तो डबा निघाला नाही. माझ्या मते कारणं तीन. साच्याचा खर्च भरून काढेल एवढं गिऱ्हाईक नव्हतं. लष्करी वस्तूचं माप घेणं, फोटो काढणं या गोष्टी आपल्याकडे सहज नव्हत्या. आणि छंद रुजायला आधी बाहेरचे डबे तरी हातात पडावे लागतात. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध पूर्ण उठायला १ एप्रिल २००१ उजाडावा लागला. तोवर मॉडेलचा डबा बहुधा परदेशातल्या काका-मामाच्या बॅगेतून यायचा.

आज साच्याची अट थोडी सैल झाली आहे. थ्रीडी प्रिंटरवर एकच नग काढता येतो, रेझिनचे दहा-वीस भाग ओतता येतात. हजारो डबे विकायची गरज राहिलेली नाही. पण प्रिंटरला माप द्यावं लागतं, आणि ते माप, तो रंग, ती बांधायची पद्धत माणसांच्या आठवणीत आहे. १९७१ ला विशीत असलेली माणसं आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. साचा कधीही नव्याने कापता येईल. ही माणसं गेली की विचारायचं कुणाला?

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात त्या काळी रणगाड्यांवर काम केलेलं कुणी असेल, सैनिक, फिटर, रंगारी, स्टोअरकीपर कुणीही, तर एक दिवस त्यांच्याजवळ बसा. आजच्या लष्करी गोष्टी विचारू नका, त्या आपल्या कामाच्या नाहीत. पन्नास वर्षांपूर्वीचं विचारा. गाडीला नाव कोण द्यायचं? रंग डब्यातून तसाच लावायचे की डिझेल घालून पातळ करायचे? मागे काय काय बांधलेलं असायचं? उत्तर तारखेसकट वहीत लिहून ठेवा, जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला पेन्सिलने नावं घाला. आणि शक्य झालं तर बोलताना त्यांच्या हातात एखादं मॉडेल द्या, चुकीचं असलं तरी चालेल. "हे असं नव्हतं," असं म्हणून ते बोट ठेवतील. तिथून पुढचं सगळं नीट ऐका.