रजेचा अर्ज आणि पंढरीची वाट

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आम्ही बेसबॉलपासून करणार आहोत. हसू नका. त्या खेळातलं आम्हाला फारसं कळत नाही, पण एक गोष्ट कळते. त्यात पिचर नावाचा जो गडी असतो, म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजासारखा, त्याची सगळी पुंजी त्याच्या खांद्यात असते. आणि खांद्याची चांगली वर्षं मोजकी. अठरा ते बावीस या वयात तो घडतो, निवडणारे लोक त्याच वयात त्याला पाहायला येतात.

आता अमेरिकेत मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यातल्या तरुणांनी नेमक्या याच वयात दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचाराला जावं, अशी अपेक्षा असते. पूर्वी किमान वय एकोणीस होतं, 2012 पासून मुलांसाठी अठरा झालं. खर्च बहुतेक स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. जेरेमी गथ्री नावाचा पिचर असाच दोन वर्षं स्पेनमध्ये जाऊन राहिला. परत आला, स्टॅनफर्ड विद्यापीठातून खेळला आणि 2002 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडलं. पुढे 2014 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात कॅन्सस सिटीकडून पहिला चेंडू त्याने टाकला. सामना हरले, ते सोडा. पण दोन वर्षं गेली म्हणून माणूस संपला नाही. सगळ्यांचंच असं होतं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. जे परत येऊन चमकले नाहीत, त्यांची नावं आपल्याला कोण सांगणार?

तर प्रश्न असा. पोटाचा धंदा आणि देवाची सेवा एकाच वयात, एकाच शरीराकडे मागणी करू लागली तर काय करायचं? हा प्रश्न परदेशातून आणायची गरज नव्हती. आपण बसलोय तिथून देहू किती लांब आहे?

तुकोबांना आपण इतके देव्हाऱ्यात बसवून ठेवले आहेत, की ते एक तरुण व्यापारी होते हे विसरायला होतं. रूढ मतानुसार जन्म 1608. घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी. दुकान होतं, सावकारी होती, माणसाला बाजारात पत होती. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. त्यात पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा गेला, धंदा बसला. तेव्हा हा माणूस जेमतेम विशी ओलांडलेला. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर उभं राहायचं वय. परंपरा सांगते की ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले आणि पंधरा दिवसांनी धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोहोचला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कर्जखतं निघाली, दोन वाटे झाले. कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवायचो तेव्हा या प्रसंगाकडे वैराग्याचं उदाहरण म्हणून बघायचो. वय वाढलं तशी आमची नजर त्या अर्ध्या वाट्यावर खिळू लागली. तुकोबांनी भावाचे कागद बुडवले नाहीत. माझी सेवा ती माझी, तिचा खर्च तुझ्या ताटातून नको, एवढं भान त्यात आहे. पण मग जिजाईचं काय? दुसरी पत्नी, पुण्याच्या सावकाराची लेक. कागद बुडाले त्यात तिच्या चुलीचाही वाटा होता. कीर्तनकारांनी तिला कजाग ठरवून शतकानुशतकं हशा मिळवला. आमचं स्पष्ट मत आहे की त्या घरात हिशोब ठेवणारी ती एकटीच उरली होती. प्रपंच आणि परमार्थ यांचा तोल साधला असं आपण सहज बोलून जातो, पण तराजूचं एक पारडं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी हाताने धरून ठेवलेलं असतं.

आता बघा, वारकरी संप्रदायाने यातून वाट कशी काढली. जिजाईच्याच पोटी, तुकोबांच्या पश्चात जन्मलेले नारायण महाराज. त्यांनी 1685 मध्ये तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वारी सुरू केली. वारी त्याआधीही होतीच, पालखी नवी. जन्मभराचा संन्यास नाही, दोन वर्षांचं घर सोडणंही नाही. गळ्यात माळ, एकादशी आणि वर्षाला वारी. माणूस जातो आणि परत कामाला येतो. देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीची अष्टमीला. मृगाचा पाऊस झाला, पेरणी उरकली की देशावरचा शेतकरी मोकळा. म्हणजे हे वेळापत्रक कष्टकऱ्याच्या पंचांगाला बऱ्यापैकी जुळणारं होतं. बऱ्यापैकीच म्हणतो आम्ही. कारण आपल्या मावळात आणि खेडच्या पश्चिमेला आषाढ म्हणजे भाताची लावणी. तिथे घरातला एक वारीला गेला की बाकीचे गुडघाभर चिखलात. पुन्हा तोच प्रश्न.

हैबतबाबा आरफळकरांची गोष्ट तर आमच्या विशेष आवडीची. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचा हा गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. पुढे आळंदीला येऊन राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानोबांची पालखी स्वतंत्रपणे नेऊ लागले. त्यांनी नोकरी सोडली, पण नोकरीत शिकलेलं सोडलं नाही. दिंड्यांचे क्रम, चोपदार, कर्णा, तळ कुठे पडायचा, अंकलीच्या शितोळ्यांचे घोडे... आजही आळंदीच्या तळावर समाज आरती बघा. चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ही शिस्त छावणीतून आलेली आहे. हैबतबाबांच्या बाबतीत धंदाच सेवेच्या कामी आला.

आणि मग या पट्ट्यात भोंगा आला. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये, औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये, मागोमाग मोटारींचे आणि स्कूटरचे मोठे कारखाने. 1970 ला नगरपालिका, 1982 ला महानगरपालिका. नंतर चाकण. 2009 नंतर तिथे आलेल्या परदेशी मोटार कंपन्या आपल्या डोळ्यांसमोरच्या. भामचंद्राच्या पायथ्याशी भांबोली, वासुली, शिंदे ही गावं आज औद्योगिक टप्पा क्रमांक दोनमध्ये मोडतात. तुकोबा जिथे एकांतासाठी गेले, तिथून आता रात्री कंटेनरचे दिवे दिसतात.

कारखान्याला मृग नाही, आषाढ नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजेचा हिशोब घालून दिला. 2025 पर्यंत तो असा होता: वर्षात किमान 240 दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस. 240 ला वीसने भागा, बारा येतात. देहू ते पंढरपूर पायी अठरा-एकोणीस दिवस लागतात, परतीचे वेगळे. म्हणजे माणसाने अंगावर दुखणं काढलं, लग्नकार्य टाळलं, शिल्लक रजा पुढे ओढली, तर दोन वर्षांत एक पूर्ण वारी. हे कायम कामगाराचं होतं. कंत्राटी पोरांचे 240 दिवस भरायचे तरी का, हे इथे बसलेल्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून वारीचे तुकडे झाले. आयटी दिंडीतली मुलं आळंदी ते पुणे चालतात आणि सोमवारी संगणकापुढे बसतात. काही जुने वारकरी नाक मुरडतात. आम्ही मुरडत नाही. पालखीच मुळात 1685 ची सोय होती, ही आजची सोय.

आमचा एक विद्यार्थी चाकणला एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. घरात चार पिढ्यांची माळ. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पालखी मुक्कामी येते, तिथून तो पुण्यापर्यंत चालतो. मग कामावर. शेवटी एसटीने वाखरी गाठतो आणि तिथून पंढरपूर पायी. सगळे मिळून चार दिवस. गेल्या वर्षी त्याची रजा नामंजूर झाली होती, तरी तो गेलाच होता. आम्ही विचारलं, "अरे, मग मशीनवर कोण होतं?"

म्हणाला, "सर, बिहारचा एक पोरगा आहे आमच्या लाइनवर. त्याने चारही दिवस डबल मारली. छठला तो गावी जातो ना, तेव्हा त्याची मी मारतो."