कासवाच्या पाठीवरचा अँटेना

दुबई म्हटलं की आपल्याकडे सोनं, मॉल आणि उंच इमारती आठवतात. पण तेल सापडण्याआधी हा किनारा जगत होता तो मोत्यांवर, आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई! पाणबुड्या नाकाला हाडाची किंवा कासवाच्या कवचाची चिमटी लावायचा (तिला इथे 'फिताम' म्हणतात), पायाला दगड बांधायचा आणि तळ गाठायचा. वर होडीत दोर धरून बसलेल्या 'सैब'ला खालचं एवढंच कळायचं की दोराला हिसका बसला, आता ओढा.

समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांची अवस्था बरीच वर्षं याहून वाईट होती. त्यांच्याकडे दोरही नव्हता. कासवांवर आयुष्य घालवलेल्या आर्ची कार यांनी कोस्टा रिकात कासवांना चक्क हेलियमचे फुगे बांधून पाहिले. १९६० च्या दशकात अंटार्क्टिकात जेराल्ड कूयमन यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ, म्हणजे अंडी उकडताना लावतात तसला टायमर घेतला, त्यावर काजळी धरलेली काच बसवली आणि ते यंत्र वेडेल सीलच्या अंगावर बांधलं. सील किती खोल गेला याची रेघ काजळीवर उमटली. प्राण्याने स्वतःच नोंद करून आणायची, ही कल्पना तिथे रुजली. १९७८ मध्ये आर्गोस ही उपग्रह यंत्रणा सुरू झाली आणि नोंद घरबसल्या मिळायची सोय झाली.

ही यंत्रणा चालते कशी? रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. म्हणून यंत्राला पाण्याचा स्पर्श ओळखणारा स्विच असतो. कासव श्वास घ्यायला वर आलं, अँटेना हवेत आला, की संदेश जातो. न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा सूर जसा बदलतो, तशी डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला मिळणारी लहर बदलते, आणि त्यावरून ठिकाण काढतात. पाठीवर हे सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं असतं. पुढे ते आपोआप गळून पडतं.

या आखातात याचा मोठा उपयोग झाला तो २०१० ते २०१३ या काळात. एमिरेट्स वाइल्डलाइफ सोसायटी (आताची एमिरेट्स नेचर) आणि निकोलस पिल्चर यांची मरीन रिसर्च फाउंडेशन यांनी अमिराती, ओमान, कतार आणि इराणच्या किनाऱ्यांवर अंडी घालून परतणाऱ्या ९० हॉक्सबिल माद्यांवर यंत्रं बसवली. हॉक्सबिल म्हणजे पक्ष्यासारखी चोच असलेलं, प्रवाळात चरणारं कासव. कंगवे नि चष्म्यांच्या फ्रेमसाठी याच्याच कवचापायी जगभर त्याची कत्तल झाली.

नकाशावर रेघा उमटल्या तेव्हा एक गंमत दिसली. ऐन उन्हाळ्यात आखाताचं पाणी सरासरी ३३.५ अंशांवर गेलं की कासवं चरायची जागा सोडून साधारण ७० किलोमीटर दूर, खोल आणि सुमारे दोन अंशांनी थंड पाण्यात जात. तिथे दोन-तीन महिने काढून पुन्हा आपल्या जागी परत! थोडक्यात, दुबईकर जसे उन्हाळ्यात गावी पळतात तसंच.

पण यातली खरी गोष्ट गमतीची नाही. आपण राखीव क्षेत्र आखतो ते बहुधा किनाऱ्याजवळ, जिथे कासव अंडी घालतं. शारजाच्या सर बू नायर बेटाला तसं संरक्षण आहे, ते हवंच. मात्र कासव तिथे वर्षातले मोजके दिवस असतं. चरायची जागा वेगळी, उन्हाळ्याची वेगळी आणि मधे तेलवाहू जहाजांचे रस्ते. समुद्र आणखी तापला तर ते दोन अंश तरी कुठे शोधणार? शिवाय यंत्र लागतं ते किनाऱ्यावर आलेल्या मादीला. नर कधी वाळूवर येतच नाही, त्यामुळे या नकाशात तो नाही.

सरहद्दीही कासवाला ठाऊक नाहीत. दुबईत उपचार होऊन सोडलेलं 'दिब्बा' नावाचं हिरवं कासव आखात ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून अंदमानच्या समुद्रात पोचलं. आठ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास!

आपल्या कोकणातही हे काम झालंय बरं का. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरून 'प्रथमा' ही ऑलिव्ह रिडले यंत्र घेऊन समुद्रात गेली. मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा प्रकल्प. २०२३ मध्ये गुहागरची 'बागेश्री' तर श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. वेळासच्या लोकांनी वीस वर्षं घरटी राखली, म्हणून यंत्र बसवायला कासवं उरली होती.

सैबाच्या हातातला दोर आता उपग्रहापर्यंत गेला आहे. खालून हिसका बसला तर ओढायचं की नाही, हे मात्र अजून वरच्यानेच ठरवायचं असतं.