अमेरिकेची शस्त्रविक्री काँग्रेस रोखू शकते का?

अमेरिकेला दुसऱ्या देशाला मोठी शस्त्रे विकायची असतील, तर तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, आधी कळवावे लागते. हे बंधन १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्यातले. नाटो देश, जपान, इस्रायल अशा जवळच्या मित्रांसाठी मुदत १५ दिवस, भारतासह इतरांसाठी ३० दिवस. बातम्यांतली ‘अमेरिकेची मंजुरी’ बहुतेकदा ही सूचनाच असते. भारताच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनबाबतची सूचना १ फेब्रुवारी २०२४ ला निघाली, करार मात्र ऑक्टोबरमध्ये झाला.

काँग्रेस गप्प राहिली, की व्यवहार पुढे सरकतो. रोखायचा तर दोन्ही सभागृहांचा ठराव हवा. पूर्वी तेवढा पुरायचा. पण १९८३ च्या चढ्ढा खटल्यात (विषय होता एका स्थलांतरिताचा!) सर्वोच्च न्यायालयाने अशी पद्धत घटनाबाह्य ठरवली. तेव्हापासून राष्ट्राध्यक्ष ठरावावर नकाराधिकार वापरू शकतात आणि तो मोडायला दोन तृतीयांश मते लागतात. १९८६ मध्ये सौदी अरेबियाच्या क्षेपणास्त्रांवेळी सिनेटमध्ये एकच मत कमी पडले. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी ‘आणीबाणी’चे कलम वापरून मुदतच टाळली आणि विरोधाचे तीन ठराव फेटाळले. अशा ठरावाने आजवर एकही विक्री थांबलेली नाही.

खरा चाप पडद्याआड असतो. औपचारिक सूचनेआधी परराष्ट्र समित्यांचे प्रमुख प्रस्ताव अडवून ठेवू शकतात. तुर्कस्तानची एफ-१६ विमाने अशीच रखडली होती. स्वीडनच्या नाटो प्रवेशाला तुर्कस्तानने होकार दिला, तेव्हा कुठे जानेवारी २०२४ मध्ये ती सूचना निघाली.