श्वासावाटे गोवरलस

गोवराचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो, पण त्याची लस सुईने दिली जाते. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यापासून नवव्या महिन्याचे हे इंजेक्शन भंडारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांतही नेमाचे झाले. सुईला प्रशिक्षित हात लागतो, वापरलेल्या सिरिंजची विल्हेवाटही लावावी लागते. म्हणून लस हुंगवून देण्याचा विचार जुनाच आहे.

त्याची मोठी चाचपणी मेक्सिकोत झाली. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस शोधणारे आल्बर्ट साबिन यांनी १९८०च्या दशकात होर्हे फर्नांदेस दे कास्त्रो यांच्यासोबत हे काम केले. साधन अगदी घरगुती वाटावे असे होते: हवेचा कॉम्प्रेसर, चुरलेल्या बर्फात ठेवलेली लस आणि तोंडा-नाकावर धरायचा कागदी शंकू. मूल अर्धा मिनिट ते तुषार ओढून घेई. १९८८ ते १९९० दरम्यान तिथे जवळपास ४० लाख मुलांना अशी लस मिळाली. शाळकरी मुलांत परिणाम उत्तम दिसला, तान्ह्यांत मात्र तितका नाही.

भारतातली निर्णायक चाचणी महाराष्ट्रातल्या गावांत झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. आशिष बावडेकर तिच्या प्रमुख संशोधकांपैकी होते, लस सीरम इन्स्टिट्यूटची. नऊ महिने पूर्ण झालेल्या, पण वर्षाच्या आतल्या २,००४ बाळांपैकी १,००१ जणांना तुषार, तर १,००३ जणांना इंजेक्शन मिळाले. पुढे रक्ताचे नमुने वितळल्याने ३३१ बाळांचे निष्कर्ष हातचे गेले. लस किंवा नमुने सतत थंड ठेवणाऱ्या शीतसाखळीची कटकट लसीपुरती नसते, ती अशी. ९१व्या दिवशी प्रतिपिंडे आढळली ती तुषारगटात ८५.४ टक्के, तर सुईगटात ९४.७ टक्के बाळांत. फरक ५ टक्क्यांच्या आत राहिला तरच नवी पद्धत तोडीस तोड मानायची, असे आधीच ठरले होते. तो ९.३ निघाला. दुष्परिणाम दोन्हीकडे सारखेच होते, त्यामुळे २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा निकाल पद्धत निष्फळ ठरवणारा नव्हे; पण गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगात एवढी तूट परवडत नाही.

दरम्यान कोरड्या भुकटीची लसही पुण्यात ६० प्रौढ पुरुषांवर तपासली गेली. ती सुरक्षित ठरली, तरी नेहमीच्या वापरात आली नाही. नोव्हेंबर २०१८च्या गोवर-रुबेला मोहिमेत भंडाऱ्यासह राज्यभरातल्या मुलांना लस मिळाली ती इंजेक्शननेच. सुई टाळण्याचे प्रयत्न आता कातडीवर चिकटवायच्या पट्टीकडे वळले आहेत. गांबियातल्या तिच्या चाचणीचे आशादायक निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले.