अपुरी गोधडी : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं हींच प्रथम आपल्या डोळ्यांपुढें येतात. कापड हेंही साधन होऊं शकतें ही गोष्ट आपण तत्त्वतः मान्य करतों. परंतु तें कापड पैठणीचें किंवा पागोट्याचें असावें, एकाद्या सरदार घराण्याच्या पेटींतून निघालेलें असावें, अशी आपली मनांतून अपेक्षा असते. चिंध्यांची गोधडी, आणि तीही अर्धवट शिवलेली, ही संशोधकानें हातीं घेण्याजोगी वस्तु आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका गोधडीचा विचार करावयाचा आहे. त्याला निमित्त झालेला प्रश्न अगदीं व्यवहारांतला आहे : दुसऱ्या कोणीं अपुऱ्या टाकलेल्या गोधडीचे जुने तुकडे आपण उसवून दुसऱ्या कामास लावावे कीं नाहीं ?

पुण्याच्या दक्षिण अंगास असलेल्या स्वारगेटचें नांवच दोन तुकड्यांच्या जोडाचें आहे. स्वार हा फार्सीचा तुकडा, गेट हा इंग्रजीचा, आणि टांका मराठीचा. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंनीं एस. टी. ने येणारा मनुष्य शहरांत शिरतो तो येथून. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचें भुयारी स्थानकही येथें सुरू झालें आहे. अशा वाढत्या वस्तींत जुनीं घरें पडतात, नवीं उठतात, आणि बिऱ्हाड हलवितांना माळ्यावरचीं गांठोडीं खालीं येतात. अशाच एका घरांतील गांठोडें आमच्याकडे पाहावयास आलें. त्यांत घरांतील सुनेच्या आजेसासूबाईंनीं शिवावयास घेतलेली गोधडी होती. “गुरुजी, काठ अजून धड आहेत. उसवून पिशव्या शिवल्या तर कांहीं वावगें होणार नाहीं ना ?” असें त्या बाईंनीं विचारलें. प्रश्न सरळ होता, पण त्याचें उत्तर गोधडी उलगडून पाहिल्यावांचून देतां येण्यासारखें नव्हतें.

गोधडीची लांबी सुमारें साडेचार हात व रुंदी तीन हात आहे. तळाशीं अस्तर म्हणून एक इरकली जुनेर आहे. तें मध्यें विरल्यावर कापून, दोन्ही धड बाजू जोडून, म्हणजे दंड घालून, पुन्हां कांहीं वर्षें नेसलेलें दिसतें. मधले दोन थर जुन्या धोतराचे आहेत. वरचे तुकडे एकंदर ४३. पैकीं २९ शिवलेले व १४ एका पुरचुंडींत सुटे बांधलेले. शिवण चारी कडांनीं फिरत फिरत आंत आलेली असून मधला भाग मोकळा आहे. शिवलेल्या तुकड्यांत चोळीचे खण, काळ्या चंद्रकळेचा पदर, छिटाच्या पट्ट्या, मांजरपाट आणि लहान मुलाच्या कुंचीचा एक तुकडा ओळखूं येतो. बाहेरच्या ओळींचा दोरा जुन्या लुगड्यांतून काढून पिळलेला आहे. आंतल्या ओळींस रिळाचा दोरा आहे. बाहेरचे टांके दाट व आंतले विरळ पडले आहेत. जेथें काम थांबलें तेथें सुई तशीच टोंचलेली राहून गंजली आहे.

वाचकांच्या लक्षांत येईल कीं, हीच गोधडी पुरी झाली असती तर ह्यांतील बहुतेक गोष्टी आपल्याला दिसल्या नसत्या. मधले थर झांकले गेले असते आणि वापरण्याधुण्यांत टांक्यांचा फरक पुसट झाला असता. पुरी गोधडी म्हणजे स्वच्छ लिहून काढलेली प्रत. अपुरी गोधडी म्हणजे खाडाखोडीसह हातीं आलेला कच्चा खर्डा. दोहोंपैकीं कर्त्याच्या कामाची रीत कोणता अधिक सांगतो, हें पोथ्यांच्या संग्राहकांस आम्ही सांगावयास नको.

आतां कालनिर्णय. जुन्यांत जुना तुकडा गोधडीचा काळ ठरवीत नाहीं. शिवलेल्यांपैकीं सर्वांत नवा तुकडा ठरवितो. त्याला खुणा पुष्कळ आहेत. मुंबईस कावसजी दावर ह्यांनीं कापडगिरणीची स्थापना १८५४ सालीं केली. पर्किन ह्या इंग्रज रसायनज्ञास पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ सालीं साधला, मंजिष्ठेंतील लाल द्रव्य जर्मन रसायनज्ञांनीं १८६८ सालीं प्रयोगशाळेंत सिद्ध केलें, आणि कृत्रिम नीळ १८९७ सालीं बाजारांत आली. मंजिष्ठेचा लाल व कारखान्याचा लाल हे नुसत्या डोळ्यांनीं निवडतां येत नाहींत, त्याला रसायनाची कसोटी लागते. तंतूची जात मात्र घरींही ओळखतां येते. कडेचा एकच धागा काढून जाळावा : सुताला जळत्या कागदाचा वास येऊन मऊ राख पडते, रेशमाला जळत्या केसांचा वास येतो, नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी होतो.

पुरचुंडींतील एका तुकड्याचा असा मणी झाला. नायलॉनची घोषणा अमेरिकेंत १९३८ सालीं झाली. तेव्हां तो तुकडा त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. परंतु तो सुटा आहे, शिवलेला नाहीं. मागाहून कोणीं पुरचुंडींत टाकला असण्याचा संभव आहे. म्हणून त्यावरून शिवलेल्या भागाचा काळ ठरवितां येत नाहीं. शिवलेल्या २९ तुकड्यांत सुताखेरीज फक्त रेशीम आहे. हा भेद आज करतां आला तो शिवलेले व सुटे तुकडे अद्यापि निराळे राहिले म्हणून. ते उसवून एका ढिगांत टाकले असते तर पुढच्या अभ्यासकानें नायलॉनच्या त्या एका तुकड्यावरून सगळी गोधडी अलीकडची ठरविली असती, आणि त्याच्या विधानाचें खंडन करण्यास कांहीं पुरावा उरला नसता.

म्हणून जुन्या कापडास हातच लावूं नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जुन्याचें नवें करणें हा आपल्याकडे कापडाचा धर्मच आहे. विनयपिटकांत आनंदाची एक कथा आहे. राजा उदयनानें त्याला विचारलें कीं, इतक्या नव्या चीवरांचें तुम्ही काय करणार आणि जुन्यांचें काय होणार ? तेव्हां आनंदानें उत्तर दिलें तें असें : जीर्ण चीवरांचीं आंथरुणें, त्यांच्या पुढें गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचीं बैठकीचीं वस्त्रें, मग पायपुसणीं, मग झाडणीं, आणि शेवटीं त्यांचे बारीक तुकडे चिखलांत मळून त्यानें जमीन सारवावयाची. त्याच ग्रंथांत मगधांतील शेतांच्या बांधांसारखी चीवराची तुकडेजोड आनंदानें बेतल्याचें सांगितलें आहे. संस्कृतांतील कन्था ती हीच. बंगाली कांथा तिची लेक, आणि आपली गोधडी किंवा वाकळ तिची भाचीच म्हणावी. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत तें त्यांच्या अंगावरील चिंध्यांवरूनच. पुण्याच्या पेठांतून जुन्या लुगड्यांवर भांडीं देणारी बोहारीण हिंडे, तिच्या टोपलींत कापडाची हीच दुसरी यात्रा सुरू होई. बुधवार पेठेंतील पासोड्या विठोबाचें नांवही तेथें विकल्या जाणाऱ्या पासोड्यांवरून पडलें असें सांगतात.

किंबहुना आपलीं दफ्तरें देखील कापडानेंच बांधलेलीं आहेत. पेशवे दफ्तरांतील कागद रुमालांत बांधलेले, आणि मोजणीही रुमालाचीच. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत त्या दफ्तरांतून निवडून जे ४५ भाग प्रसिद्ध केले ते असे रुमाल सोडून वाचल्यामुळेंच. पोथीला बासन असतें. तथापि पोथी मिळाली म्हणजे आपण तिचें जुनें बासन टाकून नवें लाल कापड गुंडाळतों, आणि जुन्या बासनावर एकादी किनार, गांठ किंवा शाईचा डाग होता कीं काय ह्याची नोंदही ठेवीत नाहीं. आंतल्या अक्षराला आपण मान देतों, आणि बाहेरच्या कापडाला चिंधी म्हणतों.

ह्यांत तोटा कोणाचा होतो ? अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) आपलें पंचीकरण पासोडीवर लिहिलें. ती पासोडी आपण जपली, कारण तिच्यावर अक्षर आहे. परंतु १९०१ च्या खानेसुमारींत ह्या देशांतील दर शंभर स्त्रियांमागें एकही पुरती साक्षर भरली नाहीं. ज्यांना अक्षर शिकविलेंच गेलें नाहीं त्यांचें हस्ताक्षर आपण कोठें शोधावयाचें ? स्वारगेटच्या ह्या गोधडींत तें आहे असें आम्ही मानतों. एका विशिष्ट हाताचा धावदोरा, त्याचें अंतर, वळणावर टांका घेण्याची लकब, कुंचीचा तुकडा मध्यें न ठेवतां कडेला लावण्याची निवड, हें सर्व त्या बाईचें आहे. बाहेरचे टांके दाट व आंतले विरळ कां, हें आम्ही सांगत नाहीं. दृष्टि मंदावली असेल, घाई असेल, हात दुसरा असेल. पण प्रश्न विचारतां येतो, तो टांके जागेवर आहेत म्हणून. सबंध दफ्तरांत ह्या बाईचें नांव नाहीं. ते टांके उसवले कीं तिच्या हाताची एकुलती एक निशाणीही गेली.

तेव्हां दुसऱ्याच्या अपुऱ्या गोधडीस हात लावतांना कांहीं नियम पाळावे, असें आम्हांस वाटतें.

पहिला, संमतीचा. लुगडीं बाईचीं, श्रम बाईचे. गोधडी हें स्त्रीधनच आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें स्त्रीधनाचा वारसा प्रथम मुलींकडे जातो; १९५६ च्या कायद्यानें मुलगे, मुली व पति ह्यांचा हक्क बरोबरीचा केला आहे. कोणत्याही दृष्टीनें पाहिलें तरी सासरीं गेलेल्या लेकींना विचारल्यावांचून गांठोडें सोडूं नये.

दुसरा, नोंदीचा. उसवण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र शेजारीं मोजपट्टी ठेवून घ्यावें, तुकड्यांस क्रमांक द्यावे, आणि शिवलेले कोणते व सुटे कोणते हें स्पष्ट लिहावें. गंजलेली सुई काढावी, नाहींतर गंज पसरतो. मात्र तिची जागा रंगीत दोऱ्यानें राखावी. पोथ्यांत वेखंड ठेवतात तसें येथेंही पुरचुंडींत ठेवावें, आणि घडी दर वर्षीं बदलावी.

तिसरा, मर्यादेचा. शिवलेला भाग उसवूं नये. सुटे तुकडे खुशाल वापरावे. कर्तीनें त्यांचें स्थान अद्याप ठरविलेलें नव्हतें, म्हणून ते हलविल्यानें तिचें कांहीं मोडत नाहीं. तरी प्रत्येकाचा दोन बोटें नमुना नोंदीबरोबर ठेवावा.

चौथा, पूर्तीचा. गोधडी पुरी करावयाची असल्यास आपला दोरा निराळ्या रंगाचा घ्यावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं जेथें पाठ निःसंशय नव्हता तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली. संपादकाचा निर्णय कोठें अनिश्चित आहे हें वाचकास त्यामुळें प्रत्येक श्लोकांत दिसतें. गोधडींतला निराळा दोरा हें त्या रेघेचेंच काम करील.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, गोधडी पांघरण्यासाठीं असते, नोंदवहीसाठीं नव्हे. आणि प्रत्येक चिंधी जपावयाची तर घरांत माणसांना जागा उरणार नाहीं. हा आक्षेप खरा आहे. थंडीनें कुडकुडणाऱ्या मुलापुढें साधनाची गोष्ट सांगणें म्हणजे निर्दयपणा होय. पण आमचे नियम वापर थांबवीत नाहींत; वापरापूर्वीं एक दुपार मागतात. घरगुती वस्तूंत इतिहास पाहावा हें ह्याच शहरांत दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ह्यांनीं आयुष्य वेंचून दाखविलें आहे. त्यांचें संग्रहालय स्वारगेटहून बाजीराव रस्त्यानें उत्तरेकडे थोडें चाललें कीं लागतें. तेथील अडकित्ते, दिवे व गंजिफा पाहून आलेल्या मनुष्यास गोधडीचें महत्त्व निराळें पटवून देण्याची गरज पडत नाहीं.

आमच्याकडे आलेल्या गोधडीचें झालें तें इतकेंच. बाईंनीं दोन्ही नणंदांना विचारलें. त्यांपैकीं एकीनें कुंचीचा तुकडा आपल्या थोरल्या भावाच्या कुंचीचा म्हणून ओळखला, आणि एका तुकड्याचा धनी नोंदींत लागला. सुट्या चौदांपैकीं तेरा तुकड्यांचे नमुने ठेवून उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या व घरच्या पोथीचें एक बासन झालें. नायलॉनचा तुकडा तसाच राहिला. शिवलेला भाग अस्तरासह जशाचा तसा जाड मलमलींत गुंडाळून ठेवला आहे. तो पुरा करावा कीं नाहीं ह्याचा निर्णय त्या घरानें आपल्या सवडीनें करावयाचा आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं अशी अपुरी गोधडी, वाकळ किंवा दुपटें असेल, अथवा पोथीचें जुनें तुकडेजोड बासन असेल, त्यांनीं त्याची लांबीरुंदी, थर, दोऱ्याची जात व तुकड्यांची संख्या इतकें तरी टिपून मंडळाकडे पाठवावें. पांचपंचवीस टिपणें एकत्र आलीं तर कोणत्या भागांत शिवण कडेनें फिरते व कोणत्या भागांत सरळ ओळींनीं जाते, दोरा लुगड्याचा केव्हांपर्यंत व रिळाचा केव्हांपासून, हें निश्चयानें सांगतां येईल. तूर्त एकट्या गोधडीवरून त्याहून अधिक विधान करणें पुराव्याबाहेर जाणें होईल.